घरचा मोटारखाना आणि मोटार उचलण्याचें यंत्र

फर्मानें, बखरी आणि नाणीं यांच्या चर्चेस वाहिलेल्या पृष्ठांत मोटार उचलण्याच्या यंत्राची कथा सांगावयास बसणें हें कित्येकांस धारिष्ट वाटेल. परंतु मोटार ही वस्तु आतां सव्वाशे वर्षांहून जुनी झाली असून तिचे संग्राहकहि आपल्यांतच निर्माण झाले आहेत. ते मूळ रंगाची खपली उडूं देत नाहींत, कारखान्याच्या पावत्या कापडांत गुंडाळून ठेवतात, आणि चासीवरील आंकडा कागदांवरील आंकड्याशीं जुळला नाहीं तर आपण बनावट शिक्क्याकडे ज्या नजरेनें पाहतों त्याच नजरेनें गाडीकडे पाहतात. अशा मंडळींस आपल्या वर्तुळाबाहेरचे मानण्याचें कारण नाहीं.

प्रस्तुत लेखास निमित्त असें घडलें कीं, पुण्यांतील एका स्नेह्यानें आपल्या राहत्या बंगल्याच्या गॅरेजांत दोन खांबांची लिफ्ट बसविण्याचें योजिलें. त्याच्याजवळ १९३० नंतरच्या दशकांतील एक मोटार आहे, आणि साठी उलटल्यावर तिच्याखालीं पाठीवर सरपटत जाणें त्याला जमेनासें झालें. यंत्राबरोबरच्या पत्रकांत पहिलीच अट जमिनीची होती: खांब ज्या कोब्यावर उभे राहावयाचे त्याची जाडी व मजबुती अमुक इतकी असली पाहिजे. घर त्याच्या वडिलांनीं १९७१ सालीं बांधविलेलें. बांधणारे व बांधविणारे, दोघेहि आतां हयात नाहींत. तेव्हां जुने कागद वाचणारा म्हणून मला बोलावणें आलें. मीं पेटी उघडली, नकाशा व कंत्राटदाराचें शेवटचें बिल अशीं दोन साधनें काढलीं, दोहोंतहि "गॅरेज, कोबा ६ इंच" असें स्पष्ट आढळलें, आणि दोन कागद एकमेकांस पुष्टि देतात या समाधानांत मीं सहा इंचांचा निर्वाळा देऊन टाकला. त्या निर्वाळ्याचें पुढें काय झालें तें यथाक्रम येईल. मात्र त्यामुळें मला या यंत्राचा मागील इतिहास पाहण्याची इच्छा झाली, आणि पाहतां पाहतां असें ध्यानांत आलें कीं, जड वस्तु उचलावी कशी हा प्रश्न माणसानें पुष्कळ पूर्वींच सोडविला होता. उचललेली वस्तु, उचलणारें बळ अकस्मात् नाहींसें झालें असतां, कोणाच्या आधारावर राहते हा प्रश्न खरा कठीण; आणि त्याचें उत्तर शिकण्यास पुष्कळ द्रव्य व कांहीं मनुष्यें खर्चीं पडलीं आहेत.

प्रथम शब्दाचा विचार करूं. गॅरेज हा शब्द फ्रेंच. त्याच्या मुळाशीं असलेल्या धातूचा अर्थ आडोशाला लावणें, सुरक्षित ठेवणें असा असून, मोटार जन्मण्यापूर्वीं तो होड्या व आगगाडीचे डबे बाजूस काढून ठेवण्याच्या संबंधांत वापरला जाई. इंग्रजींत तो विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं शिरला व तेथून आपल्याकडे आला. आपल्याकडे वस्तु नवी असली तरी कल्पना नवी नव्हती. शिवकालीन राज्यव्यवस्थेंतील बारा महालांच्या ज्या याद्या प्रचलित आहेत त्यांत 'वहिली' किंवा 'बहिली' हा रथगाड्यांचा महाल येतो. आणि पुण्यास शुक्रवार पेठेंत गाडीखाना हें नांव अद्यापि लोकांच्या तोंडीं आहे. गाडीखान्यावरून मोटारखाना हा शब्द सहज बनला. मला तो गॅरेजपेक्षां सरस वाटतो. परंतु रूढीपुढें इलाज नाहीं, सबब या लेखांत दोन्ही येतील.

गाडीखान्यांत गाडी उचलण्याची पद्धति काय होती? बैलगाडीच्या चाकाला वंगण घालावयाचें झाल्यास गाडीवान एक मजबूत वासा तरफेसारखा आंसाखालीं घालतो, गाडी वीतभर उचलतो, आणि दुसरा मनुष्य तत्काळ खालीं धोंडा अगर लांकडाचा ठोकळा सारतो. मग तरफ सोडावयाची, गाडी ठोकळ्यावर टेकूं द्यावयाची, आणि नंतरच चाक काढावयाचें. तरफेवर भार ठेवून कोणी चाक काढीत नाहीं. हा रिवाज कोणत्याहि ग्रंथांत न पाहतां खेड्यापाड्यांत पाळला जातो, आणि पुढें जें सर्व सांगावयाचें आहे त्याचें बीज त्यांत आहे.

मोटार आली ती आपलें पोट जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर घेऊन आली. घोड्याच्या गाडीस खालून पाहण्यासारखें फारसें कांहीं नसे. मोटारीचे दांतेरी पेटारे, तेलाचीं पात्रें, ब्रेकचे गज हें सर्व पोटाखालीं. त्यावर पहिला उपाय म्हणजे माणसानें खालीं उतरणें, अर्थात् गॅरेजच्या जमिनींत खड्डा खणणें. फ्रँक लॉइड राइट या प्रसिद्ध स्थपतीनें शिकागो येथें बांधलेल्या रोबी यांच्या घरांत (१९०८-१०) तीन मोटारींचें गॅरेज मुख्य इमारतीला जोडूनच आहे, आणि त्यांत दुरुस्तीचा खड्डाहि योजिला होता. ज्या काळीं बहुतेक श्रीमंत मोटारी घरापासून दूर, जुन्या तबेल्यांत ठेवीत, त्या काळीं ही गोष्ट नवलाची होती. घरधनी सायकलींच्या व्यवसायांतला होता, हें लक्षांत घेतां त्याची हौस समजते.

परंतु खड्ड्यांत एक वैरी दडलेला असतो. पेट्रोलची वाफ हवेहून जड. ती जमिनीलगत वाहते व खोलगट जागीं सांचून राहते. वर उभ्या असलेल्या माणसास वासहि येत नाहीं, आणि खालीं दिव्याची एक ठिणगी पुरते. इंजिनाच्या धुराचेंहि तेंच. बंद खड्ड्यांत तो माणसास गुंगवून टाकतो. शिवाय उघडा खड्डा रात्रीं माणसासच गिळतो. म्हणून खड्डे मागें पडत गेले व माणूस खालीं उतरण्याऐवजीं गाडीच वर नेण्याचा विचार बळावला. प्रारंभीं लांकडी किंवा लोखंडी उतरणी करून त्यांवर गाडी चढवीत, कोठें छताच्या तुळईला कप्पी-सांखळी बांधून एक टोंक उचलीत. या उपायांचा इतिहास फारसा रसभरित नाहीं.

खरें उत्तर द्रवाच्या दाबांत होतें. ब्लेज पास्काल या फ्रेंच पंडितानें द्रवांच्या समतोलावर लिहिलेला निबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें असें मांडलें आहे कीं, पाण्यानें भरलेल्या बंद भांड्यास दोन तोंडें असून एक दुसऱ्याच्या शंभरपट रुंद असेल, तर लहान तोंडावरील दट्ट्या दाबणारा एक मनुष्य मोठ्या तोंडावरील शंभर मनुष्यांस भारी होतो. हें तत्त्व यंत्रांत उतरण्यास सव्वाशेंहून अधिक वर्षें लागलीं, आणि तीं लागण्याचें कारण फार क्षुल्लक, म्हणजे गळती, हें होतें. दाब वाढला कीं पाणी दट्ट्याच्या कडेनें निसटे. कडा घट्ट केली कीं दट्ट्या हलेना. लंडन येथील जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं आपल्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें, आणि परंपरा असें सांगते कीं, गळतीचा तोडगा त्याच्या कारखान्यांतील हेन्री मॉडस्ले यानें काढला. तोडगा असा: दट्ट्याभोंवतीं चामड्याची वाटीसारखी कडी बसवावयाची, तिचें उघडें तोंड दाबाकडे. जितका दाब अधिक तितकी चामड्याची कड दट्ट्यास अधिक चिकटते. आजच्या लिफ्टमध्यें चामड्याच्या जागीं कृत्रिम पदार्थाची कडी असते, युक्ति तीच.

आतां जो प्रसंग सांगावयाचा तो मोटारीच्या जन्मापूर्वींचा आहे, परंतु माझ्या मतें मोटारखान्याच्या इतिहासांत त्याला अग्रस्थान दिलें पाहिजे. वेल्समधील मेनाय सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन हा ब्रिटानिया नांवाचा रेल्वेचा पूल बांधीत होता. पूल म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या चौकोनी प्रचंड नळ्या. त्यांतून आगगाडी जावयाची. मधल्या मोठ्या नळ्यांपैकीं एकेकीचें वजन दीड हजार टनांहून कमी नव्हतें. त्या किनाऱ्यावर तयार करून पाण्यावरून तरंगत आणावयाच्या आणि मनोऱ्यांवर बसविलेल्या ब्रामाच्या जातीच्या दाबयंत्रांनीं शंभर फुटांच्या आसपास वर चढवावयाच्या. देखरेखीस एडविन क्लार्क हा स्थानिक अभियंता होता. दाबयंत्रें उत्तम होतीं, हिशेब चोख होता. तरीहि स्टीफन्सनची सक्त ताकीद अशी कीं, नळी जसजशी वर जाईल तसतसें तिच्या टोंकांखालीं लांकूड व विटांचें काम भरीत जावें. इंचभर उचललें तर इंचभर भरावें, मध्यें पोकळी राहूं देऊं नये. काम त्यामुळें फार रेंगाळलें.

१८४९ च्या ऑगस्टमध्यें एके दिवशीं दाबयंत्राच्या ओतीव नळकांड्याचा तळ फुटून निखळला. नळी खालीं आली. परंतु ती फूटभरसुद्धां न येतां भरावावर टेकली. नळकांड्याचा निखळलेला तुकडा मात्र उंचावरून कोसळला व त्यांत एक मनुष्य प्राणास मुकला. भराव नसता तर नळी समुद्रांत गेली असती, आणि तिच्याबरोबर किती माणसें गेलीं असतीं याचा अंदाज वाचकांनीं करावा. पूल १८५० मध्यें खुला झाला, आणि त्याच वर्षीं क्लार्क यानें या कामाचा सविस्तर वृत्तांत ग्रंथरूपानें छापला. समकालीन, आणि कर्त्यानेंच लिहिलेलें, असें साधन यंत्रांच्या इतिहासांत नेहमीं मिळत नाहीं. पुढच्या वर्षीं लंडनच्या महाप्रदर्शनांत हें दाबयंत्र मांडलें होतें व लोकांनीं त्याचें कौतुक केलें. खालच्या लांकूड-विटा कोणी प्रदर्शनांत मांडल्या नाहींत.

क्लार्क यानें हा धडा पुढें नेला. त्यानें गोद्यांतून सबंध जहाजें पाण्याबाहेर उचलण्याचीं द्रवचलित यंत्रें रचिलीं. मुंबई बंदरांतील हॉग बेटाजवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उभारलेली जहाजें उचलण्याची लिफ्ट ही त्याच कुळांतली. म्हणजे आपल्या किनाऱ्यानें मोटारीच्या लिफ्टची ही जहाजी पूर्वज मोटारीआधीं पाहिली होती. इंग्लंडांत अँडरटन येथें नदीवरून कालव्यांत पन्नास फूट उंच नावा चढविणारी लिफ्ट त्याच्याच आराखड्याप्रमाणें १८७५ सालीं सुरू झाली. तिचेंहि एक नळकांडें १८८२ मध्यें फुटलें. १९०८ पर्यंत तिला विजेच्या मोटारींवर व वजनांवर चालविण्याची व्यवस्था झाली, आणि २००२ सालीं जीर्णोद्धार होऊन ती पुन्हां द्रवाच्या दाबावर चालूं लागली.

याच सुमारास अटलांटिकपलीकडे तोच प्रश्न दोरखंडांपुरता सुटला होता. एलिशा ओटिस यानें १८५४ सालीं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत उंच पाळण्यावर स्वतः उभें राहून वरचा दोर तोडविला; पाळणा थोडा घसरून जागच्या जागीं थबकला. दोराचा ताण जातांच पाळण्यावरील पोलादी कमान सरळ होऊन तिचीं टोंकें दोन्ही बाजूंच्या दांतेरी पट्ट्यांत अडकत. ती कमान म्हणजे घोडागाडीच्या चाकांवर असते तशीच पाट्यांची स्प्रिंग होती. गाडीच्या अंगचें हाड गाडी उचलणाऱ्या यंत्राच्या कामीं असें आलें. मेनायचा भराव माणसांनीं हातानें करावयाचा. ओटिसचा खटका आपण होऊन पडतो, एवढाच त्यांत फरक.

मोटारीसाठीं म्हणून द्रवचलित लिफ्ट तयार झाली ती अमेरिकेंत टेनेसी संस्थानांतील मेंफिस शहरीं. पीटर लुनाटी या यांत्रिकानें ती काढली व १९२५ सालीं तिच्या विक्रीसाठीं रोटरी लिफ्ट ही कंपनी निघाली. न्हाव्याच्या खुर्चीवर बसला असतां ती पायानें दाबून वर-खालीं होते हें पाहून त्याला कल्पना सुचली, अशी कथा त्या व्यवसायांत सांगतात. न्यूटनचें सफरचंद, वॉटची किटली आणि लुनाटीची खुर्ची या एका माळेंतल्या गोष्टी. तथापि येथें कथेस यंत्राच्या घडणीचा आधार आहे. जमिनींत उभें पुरलेलें एकच जाड नळकांडें, त्यांतून वर येणारा एकच दट्ट्या, त्याच्या माथ्यावर गाडी पेलणारे रूळ, आणि सबंध डोलारा भोंवतीं फिरणारा. हें रूप खुर्चीचेंच. 'रोटरी' या नांवांत तें फिरणें शिल्लक आहे. पेट्रोल विकणाऱ्या ठाण्यांत टायर भरण्यासाठीं दाबलेली हवा असेच. तिच्या जोरावर तेल दाबून गाडी वर नेण्याची पद्धत तेथें रुळली.

या एकखांबी यंत्राला दोन उणिवा होत्या. गाडीचें पोट ज्या मध्यभागीं पाहावयाचें नेमका तेथेंच खांब. आणि नळकांडें जमिनींत पुरलेलें, त्यामुळें तें झिजून तेल मातींत मुरूं लागलें तरी वर कळावयाचें नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जमिनीवर उभ्या करावयाच्या दोन खांबांच्या लिफ्टनें त्याची जागा बहुतांशीं घेतली, त्याचें एक मोठें कारण हेंच. दरम्यान अमेरिकेंतील निर्मात्यांनीं १९४५ सालीं आपली संस्था स्थापून १९४७ मध्यें सुरक्षिततेचें पहिलें सर्वमान्य प्रमाण ठरविलें. दुकानांतलें यंत्र घरांत केव्हां आलें याला एक तारीख देतां येत नाहीं. दोन खांबांचें यंत्र स्वस्त झालें, जमीन न खणतां बसूं लागलें, आणि हौशी मंडळींनीं तें घरीं नेलें.

या यंत्राची रचना थोडक्यांत अशी. प्रत्येक पोकळ पोलादी खांबांत वर-खालीं सरकणारा एक गाडा. त्याला दोन आडवे हात. चार हातांच्या टोंकांवर गाडी तोलावयाची. गाडे तेलाच्या दाबानें चढतात, आणि एक गाडा पुढें व दुसरा मागें राहूं नये म्हणून पोलादी दोरांनीं एकमेकांस बांधलेले असतात. खांबाच्या आंत दर कांहीं इंचांवर दांते किंवा खांचा असून गाडा चढतांना त्यांवर खटका पडत जातो: खट्, खट्, खट्. इष्ट उंची आली म्हणजे चालविणाऱ्यानें तेल सोडून गाडी जराशी खालीं आणावयाची व खटक्यावर टेकूं द्यावयाची. तेथून पुढें तेल निकामी झालें, नळी फुटली, कडी झिजली, तरी भार लोखंडावर आहे. हें खटक्यावर टेकविणें पुष्कळ लोक आळसानें टाळतात. क्लार्कच्या लांकूड-विटांची व गाडीवानाच्या धोंड्याची जागा त्या खटक्यानें घेतली आहे, हें त्यांस कोणी सांगितलेलें नसतें.

आतां स्नेह्याच्या गॅरेजकडे वळूं. मीं सहा इंचांचा निर्वाळा दिल्यावर त्यानें यंत्राची मागणी नोंदविली. खांबांच्या जागा आंखण्यास एक वृद्ध गवंडी आला होता. त्यानें पहारीचें टोंक जमिनीवर चार ठिकाणीं आपटलें, मान हलविली, आणि म्हणाला, "साहेब, कागद काय म्हणतो तें असूं द्या, हें बद्द वाजतंय." मला तें थोडें झोंबलें. तथापि ड्रिलनें एक भोंक पाडून पाहण्याचें ठरलें. तीन इंच होतांच ड्रिल सपकन् आंत गेला व वर तांबडा मुरूम आला. दुसरें भोंक पाडलें, तेथें सव्वातीन. खालीं दगडांचें सोलिंगहि धड नव्हतें.

घरीं येऊन मीं तीं दोन साधनें पुन्हां समोर ठेवलीं, तेव्हां माझी चूक मला दिसली. बिलांतील कलमें नकाशावरील टिपणांच्या क्रमानें, त्याच शब्दांत, एका शब्दाच्या त्याच चुकीसह उतरलीं होतीं. बिल हें झालेल्या कामाच्या मोजमापावरून लिहिलेलें नव्हतें. तें नकाशावरून नकललेलें होतें. दोन साक्षीदार म्हणून ज्यांस मीं मानलें ते एकाच तोंडानें बोलत होते. पोथ्यांच्या बाबतींत ही चूक दुसऱ्यानें केली असती तर मीं त्याच्यावर दोन पानें खर्चिलीं असतीं. या ठिकाणीं तिचें फळ दीड टनाची मोटार आणि तिच्याखालीं उभा राहणारा माझा स्नेही यांच्या रूपानें समोर होतें.

जाडीचा एवढा आग्रह कां, अशी शंका येते. कारण दीड टन भार दोन खांबांवर वांटला तर तो कांहीं अवाढव्य नव्हे, आणि तीच मोटार त्याच कोब्यावर वर्षानुवर्षें उभी होतीच. परंतु येथें जमीन नुसती दाबली जात नाहीं. गाडी खांबांच्या मध्यें, हातांच्या टोंकांवर असते; म्हणून प्रत्येक खांब आंतल्या बाजूस कलूं पाहतो, आणि त्याच्या पायाचे बाहेरच्या अंगाचे बोल्ट वर उपटले जाऊं पाहतात. भिंतींतील खुंटीवर घोंगडें टाकलें असतां खुंटीचें मूळ जसें उचकतें तसा हा प्रकार. बोल्ट कोब्यांत फुगून बसलेले असतात. कोबा पातळ, भेगाळ किंवा कडेजवळचा असेल तर बोल्ट आपल्याभोंवतालचा काँक्रीटचा शंकु घेऊनच वर येतो. म्हणूनच निर्माते साधारणपणें निदान चार इंच चांगलें काँक्रीट मागतात, कित्येक त्याहून अधिक, आणि भेगांपासून व कडांपासून अंतर राखावयास सांगतात. परदेशांत कांहीं घरांच्या फरशींत ताणलेल्या पोलादी तारा पुरलेल्या असतात. तेथें पाहिल्याशिवाय भोंक पाडणें म्हणजे ताणलेली तार कापून स्वतःवर संकट ओढवून घेणें होय.

शेवटीं दोन्ही खांबांच्या जागेचा पट्टा सबंध तोडून काढला. खालचा मुरूम ठोकून बसविला, दगडाचें सोलिंग केलें, सळयांची जाळी अंथरली आणि एक फूट जाडीचें काँक्रीट ओतलें. मग अठ्ठावीस दिवस कोणीहि त्यावर भोंक पाडावयाचें नाहीं असें ठरलें. काँक्रीटचें नेमस्त बळ तितक्या दिवसांच्या मुदतीवरून मोजण्याचा प्रघात आहे. स्नेह्यानें पहिले दिवस सकाळ-संध्याकाळ गोणपाट भिजवून त्यावर घातलें. यंत्र मात्र खोक्यांत अंगणांत पडून होतें व त्यावर मांजर निजत असे.

दुसरी अडचण छताची. गॅरेजचें छत साडेनऊ फुटांवर. दोन खांबांच्या लिफ्टचे दोन प्रकार आहेत: एकांत दोन्ही खांबांस जोडणारे दोर माथ्यावरून जातात, जमीन मोकळी राहते, पण उंची अकरा-बारा फूट लागते, दुसऱ्यांत ते जमिनीवरील बसक्या पत्र्याखालून जातात व खांब साडेनऊ फुटांच्या आंत बसतात. दुसरा प्रकार घेणें भाग पडलें. तरीहि हिशेब सुटत नाहीं. मोटारीची उंची पांच फूट दोन इंच. साडेनऊ फुटांतून ती वजा जातां चाकांखालीं चार फूट चार इंच उरतात, आणि टपाला छताशीं खेटवावयाचें नसेल तर चार फूटच धरावे. म्हणजे खालीं उभें राहतां यावयाचें नाहीं. चौरंगावर बसून काम करावयाचें. स्नेही म्हणाला, "पाठीवर सरपटण्यापेक्षां बसणें हें राज्य आहे." पंखा काढून भिंतीवर लावला. वर उघडणारा दरवाजा असता तर त्याचे रूळ आड आले असते, सी. जी. जॉन्सन यानें अमेरिकेंत १९२१ सालीं वर सरकणारा दरवाजा काढल्यापासून तिकडील घरगुती मोटारखान्यांत हा नेहमींचा तंटा आहे. येथें जुन्या दुपाखी सागवानी दरवाजानें तो प्रश्न उपस्थितच होऊं दिला नाहीं.

तिसरी गोष्ट खुद्द गाडीची. अलीकडच्या मोटारींत सांगाडा व सांटा एकजीव असतो आणि निर्माता उचलण्याच्या चार जागा दाखवून देतो. १९३० नंतरच्या दशकांतील पुष्कळ गाड्यांत शिडीसारखी वेगळी चासी असते. हात त्या चासीच्या लांब पट्ट्यांखालींच टेकले पाहिजेत, लांकडी तळाखालीं किंवा पायफळीखालीं नव्हे; पायफळी मध्यें येते म्हणून टोंकांवर उंच ठोकळे चढवावे लागतात. शिवाय तोल कोठें आहे तें अगोदर पाहावें. इंजिन पुढें असल्यामुळें गाडीचा भार पुढच्या अंगास अधिक. परंतु लिफ्टवर असतांना इंजिन काढलें कीं तोच तोल एकदम मागें सरकतो आणि गाडी शेपटाकडे झुकते. अशा वेळीं मागच्या बाजूस उंच घोडी लावून ठेवावी. आम्हीं गाडी प्रथम वीतभरच उचलली, पुढून-मागून हलवून पाहिली, खालीं आणली, हात दोन इंच पुढें घेतले, आणि मग वर नेली. खटका पाडून तेल सोडलें. स्नेह्यानें चौरंग सारला व तेलाच्या भांड्याखालीं जाऊन बसला. वृद्ध गवंडी दाराशीं उभा होता. त्यानें खांबाच्या पायाकडे पाहिलें, गाडीकडे पाहिलेंच नाहीं.

नव्या कोब्याची जाडी, सळयांचा व्यास, ओतल्याची तारीख व जाळीचीं छायाचित्रें हीं सर्व आतां एका लखोट्यांत असून, त्यावर मीं 'प्रत्यक्ष मोजून लिहिलें' असा शेरा मारला आहे. मूळ नकाशा व बिल त्याच पेटींत ठेवलें, परंतु बिलाच्या पाठीवर तें नक्कल असल्याची टीप लिहिली.

या शोधांत एक उणीव मला वारंवार जाणवली. आपल्याकडील संस्थानी मोटारखान्यांची नोंद, म्हणजे गाड्यांच्या याद्या, ड्रायव्हर व फिटर यांचे हजेरीपट, सुट्या भागांचीं बिलें, खड्डे व शेड यांचे नकाशे, संस्थानें १९४८-४९ मध्यें विलीन झाल्यावर अनेक ठिकाणीं विखुरली, आणि त्यांतील पुष्कळ कागद रद्दींत गेले. दप्तरखान्यांत सनदा जपल्या गेल्या. मोटारखान्याचीं बाडें तेलकट म्हणून कोणी हातीं धरलीं नाहींत. ज्या संग्राहकांजवळ असे कागद, मग ते कितीहि मळलेले असोत, किंवा जुन्या मोटारखान्यांतील उचलण्याच्या साधनांचीं छायाचित्रें असतील, त्यांनीं त्यांची यादी मंडळाकडे पाठवावी. नकाशा व बिल दोन्ही असल्यास दोन्ही पाठवावीं. आणि इमारत अद्याप उभी असेल तर तिच्या कोब्याची जाडी मोजून कळविण्याची तसदी घ्यावी.